जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक वारंवार का जातात?

उजनीचे पाणी कालव्यात आले आणि सोलापूर जिल्ह्यातील ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. उसाबरोबर ट्रॅक्टर आले, आणि नवा ट्रॅक्टर सर्वांना परवडत नसल्याने जुन्या ट्रॅक्टरचा व्यवहारही वाढला. जुना ट्रॅक्टर घेताना आपण इंजिनाचा धूर पाहतो, टायर पाहतो, लिफ्ट उचलून पाहतो. ब्रेक मात्र आवारातच दोन फेऱ्या मारून तपासतो. पुढे हंगाम सुरू झाला की तोच ब्रेक दर महिना-दीड महिन्याने गॅरेज दाखवतो. लायनर बदलले की चार दिवस बरे चालते, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

प्रस्तुत लेखक कृषिविद्या शिकवतो, यंत्रशास्त्र नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे कारण घरचेच आहे. मोहोळ तालुक्यातील आमच्या शेतीसाठी आम्ही पस्तीस अश्वशक्तीचा एक जुना ट्रॅक्टर घेतला. रंग नवा, टायर बरे, इंजिन उत्तम. पहिल्याच महिन्यात डावा ब्रेक सैल लागू लागला. मिस्त्रींनी रॉड आवळून दिला. पंधरा दिवसांत तीच तक्रार. मग लायनर बदलले. दीड महिन्याने पुन्हा बदलले. तिसऱ्या वेळी मात्र दोन ट्रॉल्या ऊस घेऊन धाकटा भाऊ कालव्याच्या पुलावरून खाली उतरत होता. समोर ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या होत्या, गाड्यांवर बायका-मुले बसलेली. त्याने ब्रेकवर पाय दिला तेव्हा ट्रॅक्टर थांबला नाही, उलट उजवीकडे ओढला गेला. त्याने प्रसंगावधान राखून तो तसाच शेजारच्या नांगरटीत घातला. ढेकळांत चाके रुतली आणि गाडी थांबली. पुढच्या ट्रॉलीची दांडी वाकली, ऊस विस्कटला, माणसांना काही झाले नाही. घरी आल्यावर तो एवढेच म्हणाला, “दादा, हा ट्रॅक्टर मी आता रस्त्यावर काढणार नाही.”

महाविद्यालयात अवजारे व यंत्रे शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : “काढलेले जुने लायनर कुठे आहेत?” ते कोणीच ठेवले नव्हते. तीन वेळा पैसे मोजले होते, पण लायनर झिजले होते की तेलकट झाले होते हे एकदाही पाहिले नव्हते. या लेखाचा बराचसा भाग त्या एका प्रश्नातून आलेला आहे.

दोन पेडल कशासाठी?

ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि प्रत्येक चाकाचे पेडल वेगळे असते. सरीच्या टोकाला जागच्या जागी वळता यावे म्हणून ही सोय आहे. डावे पेडल दाबले की डावे चाक थांबते, उजवे फिरत राहते आणि ट्रॅक्टर डावीकडे वळतो. रस्त्यावर हीच सोय घातक ठरते. म्हणून दोन्ही पेडल एकत्र जोडणारा खटका दिलेला असतो. शेतातून रस्त्यावर येताना हा खटका लावलाच पाहिजे. वेगात असताना एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर गर्रकन वळून उलटतो. अनेक जुन्या ट्रॅक्टरवर हा खटका तुटलेला, नाहीतर तारेने बांधलेला आढळतो. तो आधी नवा बसवून घ्यावा. वास्तविक हे काम अगदी किरकोळ खर्चाचे आहे.

खटका लावला म्हणजे दोन्ही ब्रेक सारखे लागतात असे मात्र नाही. शेतात वळताना आपल्या सवयीप्रमाणे एक बाजू जास्त वापरली जाते, त्यामुळे ती लवकर झिजते. पेडलवरील रबर पाहा. एक गुळगुळीत आणि दुसरे खरबरीत असेल, तर आतली झीजही तशीच असण्याचा संभव आहे.

लायनर काय सांगतो

ट्रॅक्टरचे ब्रेक स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात : कोरडे आणि तेलात बुडालेले. जुन्या ट्रॅक्टरमध्ये कोरडे ब्रेक बरेच आढळतात. डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांना ते बसवलेले असतात. म्हणजे आत गिअरचे तेल, बाहेर कोरडा ब्रेक, आणि दोहोंच्या मध्ये फक्त एक रबरी ऑईल सील. हे सील गळू लागले की तेल सरळ लायनरवर येते. तेल पिलेला लायनर घर्षण करत नाही, नुसता घसरतो.

आमच्या ट्रॅक्टरचा डावा ब्रेक चौथ्यांदा उघडला तेव्हा लायनर काळेकुट्ट आणि ओले निघाले. जाडी जवळजवळ नव्याइतकीच होती. म्हणजे आधी बदललेले लायनरही झिजून नव्हे, तेलाने वाया गेले असावेत. सील बदलायचे ठरले. पण सहकारी म्हणाले, सील का गेले ते आधी पाहू. शाफ्टवर बोट फिरवले तर सीलच्या ओठाखाली बारीक खाच पडलेली नखाला लागत होती. अशा खाचेवर नवे सील बसवले तरी ते थोड्याच दिवसांत गळते. बेअरिंगही ढिले होते, त्यामुळे शाफ्ट फिरताना किंचित हेलकावत होता. एवढ्यावर शोध संपला नाही. गिअरपेटीच्या वर हवा जाण्यायेण्यासाठी एक लहान टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. काम करताना तेल तापते, आतली हवा फुगते, ती या वाटेने बाहेर पडते. आमच्या ट्रॅक्टरला विक्रीपूर्वी जो सुंदर रंग मारला होता, त्या रंगाने ब्रीदरचे छिद्र बुजले होते! हवेला वाट नाही म्हणून आतला दाब तेलाला सीलवरून बाहेर ढकलत होता. शिवाय गिअरपेटीत तेलही खुणेच्या वर भरलेले होते.

ब्रीदर साफ केला, तेल खुणेपर्यंत आणले, बेअरिंग व सील बदलले, शाफ्ट दुरुस्त करून घेतला आणि मगच नवे लायनर घातले. हाच क्रम उलटा केला, की तेच पैसे पुन्हा पुन्हा खर्च होतात.

तेव्हा ब्रेक उघडला की जुने लायनर स्वतः हातात घेऊन पाहावेत. काळे व ओले असतील तर सील पाहावे. कोरडे पण काचेसारखे चकाकत असतील, तर ते जास्त तापले आहेत. यात बहुधा पेडलवर पाय ठेवून चालवण्याची सवय, पार्किंगचा ब्रेक ओढलेलाच राहणे किंवा उतारावर सतत ब्रेक धरणे ही कारणे असतात. एका कडेला झिजलेले आणि दुसरीकडे जाड असतील, तर ते बसतात ती जागाच वाकडी किंवा खराब आहे. सगळीकडे सारखे झिजून पातळ झाले असतील, तर त्यांचे आयुष्य संपले एवढेच. ही शेवटची झीज नैसर्गिक आहे. बाकीच्या प्रकारांत लायनर बदलणे म्हणजे पिवळ्या पडलेल्या पिकाची मुळे न पाहता वरून युरिया टाकण्यासारखे आहे.

तेलकट लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून किंवा पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. तेल लायनरच्या छिद्रांत मुरलेले असते. वरून तो कोरडा दिसतो, पण पहिल्याच लांब उतारावर तापला की आतले तेल पुन्हा वर येते. असा लायनर टाकून द्यावा. तसेच ब्रेक उघडल्यावर आतली भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना अत्यंत अपायकारक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

ब्रेक चिकटणे

याच्या उलट तक्रारही येते. ब्रेक लागतो पण सुटत नाही. ट्रॅक्टर जड चालतो, डिझेल जास्त खातो, चाकाच्या आतल्या अंगाला जळका वास येतो. कोरड्या डिस्क ब्रेकमध्ये दोन चकत्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या असतात. पेडल दाबल्यावर चकत्या एकमेकींवर थोड्या फिरतात, गोळ्या उतरत्या खाचांतून वर चढतात आणि चकत्या फाकून लायनरवर दाबल्या जातात. आपली काळी माती, ओढ्याचे पाणी आणि नंतर महिनाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर असा योग आला, की या खाचांना गंज चढतो. गोळ्या वर चढतात, पण खाली येत नाहीत. मागे खेचणारी स्प्रिंग ताणून सैल झाली असेल तरी हेच होते. अशा वेळी रॉड ढिला करून काम भागवू नये. चकत्या काढून खाचा साफ कराव्यात, खड्डे पडले असतील तर चकत्या बदलाव्यात. पेडलच्या आडव्या दांड्याला वंगण देण्याची जागा असते. तेथे ग्रीस देण्याचे मात्र बहुतेकांकडून राहून जाते.

ओढ्यातून ट्रॅक्टर बाहेर काढल्यावर हळू वेगात दोन-तीन वेळा ब्रेक दाबून तो कोरडा करून घ्यावा.

तेलातील ब्रेक

अलीकडच्या अनेक ट्रॅक्टरना तेलात बुडालेले ब्रेक असतात. ते धूळ-पाण्यापासून सुरक्षित राहतात व अधिक टिकतात. पण जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याची येथे एका बाबतीत फसगत होते. गिअर, लिफ्ट आणि ब्रेक या तिन्हींचे तेल बहुधा एकच असते आणि ते ठरावीक प्रतीचेच लागते. स्वस्त मिळाले म्हणून भलतेच गिअर तेल ओतले, तर ब्रेक दाबताना कर्रकर्र आवाज येतो, हादरे बसतात आणि पकड कमी होते. तेल दुधट दिसले तर पाणी शिरले आहे. तेल काढताना तळाशी काळा गाळ किंवा चकाकणारा धातूचा कीस आढळला, तर ब्रेकच्या चकत्या उघडून पाहाव्यात. कोणते तेल व किती, हे त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतच पाहावे. पुस्तिका जुन्या मालकाकडून आठवणीने मागून घ्यावी.

ब्रेक चांगला, तरीही गाडी थांबत नाही

आता थोडा हिशेब करू, कारण खरी मेख येथे आहे. समजा ट्रॅक्टरचे वजन २ टन आहे. त्यातील मागच्या चाकांवर दीड टन येते असे धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराची पकड चाकावरील वजनाच्या सुमारे ६० टक्के मिळते. म्हणजे ब्रेक कितीही नवा असला, तरी ट्रॅक्टर जास्तीत जास्त ९०० किलो इतक्याच जोराने स्वतःला रोखू शकतो. त्यापुढे चाके नुसती घसटत जातात.

रिकामा ट्रॅक्टर ताशी २० कि.मी. वेगात असताना या जोराने साधारण साडेतीन मीटरवर थांबतो. आता त्याच्या मागे दोन ट्रॉल्या जोडा. ऊस व ट्रॉल्यांचे मिळून २० टन धरले, तर एकूण वजन २२ टन होते. आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणून रोखणारा जोर तोच ९०० किलो राहतो. चाकांच्या फिरण्याला रस्त्याचा जो अडथळा होतो, तो वजनाच्या २ टक्के, म्हणजे ४४० किलो, त्यात मिळवला तरी सपाट रस्त्यावर ही गाडी थांबायला सुमारे २६ मीटर लागतात. वेग ताशी ३० कि.मी. असेल तर ५८ मीटर. समोरचा अडथळा दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत गाडी जे अंतर पुढे जाते, ते यात धरलेले नाही.

आणि उतार लागला तर? वीस फुटांत एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर २२ टनांची गाडी ११०० किलो जोराने खाली ओढली जाते. रोखणारा सगळा जोर मिळून १३४०. शिल्लक राहिले फक्त २४० किलो. ताशी २० कि.मी. वेगातील गाडी अशा उतारावर थांबायला दीडशे मीटरच्या आसपास अंतर घेईल. एका बाजूचा ब्रेक तेलकट असेल तर ९०० ऐवजी ४५० किलोच मिळतात, एकूण ८९० होतात आणि गाडी थांबण्याऐवजी वेग घेते. आमच्या कालव्याच्या पुलावर हेच घडले. पाऊस पडून रस्ता ओला झाला तर दोन्ही ब्रेक उत्तम असूनही पकड ४० टक्क्यांवर येते, आणि तेव्हाही हा हिशेब तोट्याचाच निघतो.

गॅरेजच्या दारात रिकामा ट्रॅक्टर पळवून “बघा, जागेवर थांबतो” असे दाखवतात, त्यावर विसंबू नये ते याचसाठी. अर्धा ब्रेक असलेला रिकामा ट्रॅक्टरही सात मीटरवर थांबतो आणि आपले समाधान होते. सोलापूर जिल्हा बव्हंशी सपाट असल्याने असा दोष महिनोन् महिने लपून राहतो. तो उघडा पडतो तुळजापूरच्या घाटात, कालव्याच्या पुलावर किंवा एखाद्या ओढ्याच्या उताराला.

यावर उपाय लायनरमध्ये नाही. भार कमी करणे, ट्रॉलीला ब्रेक बसवून घेणे आणि इंजिनाचा आधार घेऊन उतरणे हेच उपाय आहेत. एका ट्रॉलीने दोन खेपा परवडत नाहीत, वाहतुकीचा दर टनावर मिळतो, हे लेखकाला घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. तरी निदान ज्यांच्या वाटेत उतार आहे त्यांनी तेथपुरती एक ट्रॉली सोडून दोन फेऱ्यांत उतरावे. आम्ही त्या पुलावर आता तसेच करतो. पाऊण तास जास्त जातो.

उतारावर गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवावी. गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकावा. मध्येच बदलायला गेलो तर तो बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. क्लच दाबू नये. डिझेल वाचते म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणारे पुष्कळ आहेत, पण हा समज चुकीचा आहे. गिअरमध्ये राहून थ्रॉटल बंद केला तर गव्हर्नर डिझेल जवळजवळ तोडतोच. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते.

तपासणी व जुळवणी

सपाट मातीच्या जागेवर खटका लावून ट्रॅक्टर हळू पळवावा, दोन्ही पेडल एकदम जोरात दाबावेत आणि उतरून मागच्या चाकांचे घसटल्याचे माग पाहावेत. दोन्ही माग सारख्या लांबीचे असावेत. तत्पूर्वी दोन्ही टायरमधील हवा सारखी करून घ्यावी. एक टायर नवा आणि दुसरा बोडका असेल, तरीही ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो व दोष विनाकारण ब्रेकला लागतो. माग कमी-जास्त असतील तर ज्या बाजूचा माग मोठा आहे तिकडचा रॉड थोडा ढिला करावा. कमजोर बाजू आवळत बसल्याने तो ब्रेक सतत घासत राहतो. पेडलची मोकळी हालचाल पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकी व दोन्हीकडे सारखी ठेवावी, आणि चेकनट पक्का आवळावा. जुळवणी करूनही पंधरा दिवसांत फरक पडला तर पुन्हा जुळवणी करू नये. ब्रेक उघडून लायनर पाहावेत.

डाळिंब, भाजीपाला किंवा दूध नेण्यासाठी जुनी जीप वा पिकअप घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की त्या गाड्यांचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पेडल स्पंजासारखे लागले तर नळीत हवा आहे. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर बाहेर गळती शोधावी. ती नसेल तर मास्टर सिलिंडरच्या वाट्या गेल्या आहेत असे समजावे. ब्रेक ऑईल हवेतील ओल शोषून घेते आणि ओल धरलेले तेल घाटात तापून त्यात वाफ होते. म्हणून ते ठरावीक मुदतीत बदलावे. तेथे इंजिन ऑईल कधीही ओतू नये, रबरी वाट्या फुगून सगळी यंत्रणा निकामी होते.

घेतानाच पाहावे असे काही

मागच्या चाकांच्या आतल्या बाजूस, ब्रेकच्या पेटीखाली तेलाचे ओघळ आहेत का ते पाहावे. नुकताच धुतलेला आणि रंगवलेला ट्रॅक्टर असेल, तर अर्धा दिवस काम करून मग पाहावे. ब्रीदर शोधून काढून त्यातून हवा जाते का ते पाहावे. पेडल, रॉड व जोड यांवर वेल्डिंगचे टाके असतील तर ते भाग बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. भरलेली ट्रॉली जोडून चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. विकणारा नको म्हणाला, तर का म्हणाला याचा विचार करावा.

नोंदणी पुस्तकावरील बँकेचा बोजा उतरला आहे ना, तेही पाहावे. व्यवहार झाल्यावर फॉर्म २९ व ३० भरून परिवहन कार्यालयात, म्हणजे सोलापूर किंवा अकलूज जे आपले असेल तेथे, नाव बदलून घ्यावे. विम्यावरही नाव चढवावे. विकणाऱ्यानेही हे काम घेणाऱ्यावर सोडून देऊ नये. गाडी विकली पण नोंदणी जुन्याच नावावर राहिली, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतील मालकावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे.

गाळप हंगाम आणि कार्तिकी वारी साधारण एकाच सुमारास येतात. पंढरपूरच्या वाटेवर रात्री-पहाटे दिंड्या पायी चालत असतात आणि त्याच वाटेने ट्रॉल्या कारखान्याकडे जातात. तेव्हा ब्रेकचे काम दिवाळीपूर्वीच उरकावे. ट्रॉलीच्या मागे व दोन्ही बाजूंस परावर्तक पट्ट्या लावाव्यात, आणि लाकडाचे दोन पाचरीसारखे ठोकळे कायम गाडीवर ठेवावेत. वजनकाट्याच्या रांगेत तास न् तास उभे राहावे लागते. तेथे जमीन थोडी जरी उतरती असेल, तरी केवळ पार्किंग ब्रेकच्या भरवशावर गाडी सोडून चहाला जाऊ नये. ट्रॉलीच्या चाकाला ठोकळा लावावा आणि निघताना तो आठवणीने उचलावा. आमचे दोन ठोकळे पहिल्याच हंगामात काट्यावर राहिले. आता ते साखळीने ट्रॉलीला बांधले आहेत.